जुने कपडे आणि एक व्याकरण

आमच्या सरकारी कचेरीत देशातले कुठलेही संकट परिपत्रकाच्या रूपाने येते. भूकंप होवो, पूर येवो, वादळ होवो, चार-सहा दिवसांत एक कागद टेबलावरून टेबलावर फिरू लागतो. 'एक दिवसाचे वेतन स्वेच्छेने...' वगैरे. स्वेच्छा नसलेल्यांनी तसे लेखी कळवायचे असते, त्यामुळे स्वेच्छा सगळ्यांचीच असते. मी सही करतो, पगारपत्रकात आकडा घालतो आणि करसवलतीसाठी पावती मिळेल का, हेही विचारतो. वीस वर्षांहून अधिक काळ हे करीत आलोय. त्या कागदावर ज्या मुलखाचे नाव असते तो नकाशात नेमका कुठे आहे, हे मात्र एकदाही पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पहिली आठवण शाळेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. आमच्याकडे गावात चवथीचे मखर केव्हाच आवरले होते, पण लातूर-उस्मानाबादकडची माणसे विसर्जन करून दमून झोपली होती आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या. शाळेत बाईंनी कपडे आणायला सांगितले. आईने ट्रंक उघडली. जे आम्हाला नको होते ते सगळे त्या गाठोड्यात गेले. माझी बटणे तुटलेली हाफ पँट, आजीचे विरलेले नऊवारी, आणि कोणीतरी दुबईहून आणलेला, इथे कधीच घालता न आलेला जाड कोट. वर्गात माझे गाठोडे सर्वांत मोठे ठरले. बाईंनी पाठ थोपटली. तो आनंद मी पुष्कळ वर्षे बाळगला.

तो आनंद २०२१ च्या जुलैत फिटला. २३ जुलैला म्हादईला पूर आला आणि सत्तरीत मातीची घरे बसली. माझ्या मावशीच्या घराची मागची भिंत गेली, कौले फुटली. आठवड्याभराने मी गेलो तर ओसरीवर कपड्यांचा ढीग. पणजी-मडगावच्या चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने पाठवलेला. त्यात एक उंच टाचांची चपलांची जोडी होती आणि एक टाय. मावशी त्यातल्याच एका साडीने जमीन पुसत होती. मला म्हणाली, "कपडे खूब जाले रे पुता. कौलां कोण दितलो?"

मी गप्प बसलो. टायकडे पाहत असताना मला माझा तो दुबईचा कोट आठवला.

एवढी प्रस्तावना पुरे. आज लिहायचे आहे ते आदिलाबादबद्दल, म्हणजे ज्याच्यासाठी कधी परिपत्रक निघत नाही अशा मुलखाबद्दल.

माझ्या बायकोचे माहेर नांदेडकडचे. मामेसासरे किनवटला असतात. शेजारीच आदिलाबाद. गोव्याच्या वाचकाला हा भाग फारच दूरचा; तिथले एखादे गाव सांगितले तर आपण 'म्हणजे विदर्भात का?' असे विचारू. खरे तर किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. निजामाचे राज्य गेले, भाषावार प्रांत झाले, तेव्हा किनवट नांदेडला जोडले गेले आणि राजुरा आधी नांदेडला, मग चंद्रपूरला. पुढे २०१६ साली तेलंगणाने उरलेल्या आदिलाबादचेही चार जिल्हे केले. रेघा अशा ओढल्या गेल्या, पण बाजारात उभे राहिले तर अजूनही मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि बंजारा बोली एकाच तराजूभोवती ऐकू येतात.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेलो. पौष अमावास्येला मेस्राम कुळाचे गोंड पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. जत्रा म्हणजे आपल्या जत्रांसारखीच, खाजे नाही एवढेच. पण एक गोष्ट मी कुठल्याच जत्रेत पाहिली नव्हती. इथे दरबार भरतो. सरकारी अधिकारी मांडवात बसतात आणि गोंड, कोलाम आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात. हातात अर्ज, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. मी कारकून माणूस. देवळापेक्षा माझे लक्ष त्या अर्जांकडेच गेले. जमीन, पट्टा, रस्ता, पाणी, पुन्हा जमीन.

हा दरबार सुरू करण्यामागे एक ऑस्ट्रियन माणूस होता, ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ. त्याची हकीकत अशी. १९४० साली याच डोंगरातल्या जोडेघाटला कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. 'आरआरआर' सिनेमामुळे (२०२२) हे नाव आता सर्वांच्या तोंडी आहे. सिनेमातला भीम वाघाशी झुंजतो. खरा भीम जंगल खात्याशी आणि जमिनीच्या कागदांशी झुंजत होता, पण त्यावर गाणे कोण करणार? गोंड पिढ्यान्‌पिढ्या जंगल तोडून, काही वर्षे पिकवून, जमीन पड टाकून पुढे सरकत. सरकारने जंगल राखीव केले, पड जमीन सरकारजमा धरली, आणि जी पिकाची होती ती बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढली. कारभार उर्दूत. गोंडाला हातातली नोटीस वाचता येत नसे.

भीम मेल्यावर सरकारला प्रश्न पडला की ही माणसे उठली का? उत्तर शोधायला हाइमेनडॉर्फला सांगितले गेले. त्याची स्वतःची अवस्था गमतीची होती. त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट, आणि युद्ध चालू. म्हणजे ब्रिटिशांच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा माणूस. त्याला हैदराबाद संस्थानात राहू दिले होते. तो आणि त्याची बायको बेटी मारलवाई नावाच्या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले, भाषा शिकले. मग त्याने सरकारला जे सांगितले त्याचा मथितार्थ एवढाच की यांना यांची जमीन यांच्या नावावर लिहून द्या, आणि यांच्या पोरांना यांच्या भाषेत शिकवा.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. शाळा काढायची तर शिक्षक हवेत. गोंडांमध्ये साक्षर माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि जी होती त्यांना मराठी लिहितावाचता येत होते. म्हणून १९४३ पासून मारलवाईला अशांना तयार करून शिक्षक केले गेले आणि गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरीत निघाली. आपण गोव्यात लिपीवरून किती भांडलो आहोत हे वेगळे सांगायला नको. तिकडे एका ऑस्ट्रियन माणसाने, निजामाच्या पैशाने, गोंड पोरांच्या हातात आपले बाळबोध अक्षर ठेवले. हे मी वाचले तेव्हा मला, कशाला लपवा, अभिमान वाटला. पण पुढे कळले की त्याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतःची लिपी असलेली हस्तलिखिते घराघरांत पडून होती. ती लिपी जगापुढे आली ते या शतकात, आणि २०१८ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे मदत करायला आलेल्या, भाषा शिकलेल्या, झोपडीत राहिलेल्या माणसालाही शेजारच्या गावातली पोथी दिसली नव्हती. अभिमान जरा खाली ठेवला.

या सगळ्यात मला सापडलेला माझा माणूस मात्र दुसराच आहे. सेतुमाधवराव पगडी. शिवचरित्राचे अभ्यासक, मोगल-मराठा इतिहासाचे जाणकार, उर्दू काव्याची ओळख मराठीला करून देणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते मूळचे निलंग्याचे, म्हणजे किल्लारीच्या शेजारचेच. जन्म १९१०. नोकरी निजामाच्या मुलकी खात्यात. आदिलाबादला ते आदिवासींसाठी नेमलेले खास अधिकारी होते. तेव्हा तिकडे बदली म्हणजे शिक्षा, मलेरियाचा मुलूख. बदली झालेला अधिकारी काय करतो हे मी इतक्या वर्षांत जवळून पाहिले आहे. पहिल्या दिवसापासून परतीचा अर्ज लिहायला घेतो. पगडींनी काय केले? गोंडी शिकली. कोलामी शिकली. दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले, ते १९४९ मध्ये निघाले.

जरा थांबून विचार करा. तक्रार ऐकायला बसलेला साहेब. समोर लंगोटी लावलेला कोलाम. मध्ये दुभाषा. दुभाषा कोण असायचा? बहुधा गावचा पटवारी किंवा सावकाराचा माणूस, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच! साहेबाला भाषा आली की मधला माणूस गळाला. कोलामी भाषेचे व्याकरण हे माझ्या मते त्या मुलखात पोचलेल्या सगळ्या मदतीतले एक फार मोठे दान आहे, आणि ते एका सरकारी नोकराने दिले. आमच्या जमातीत अभिमानाने सांगावे असे फार थोडे असते, म्हणून जरा लांबण लावली. क्षमस्व.

गोव्यात हे कळायला जड जाऊ नये. माझ्या आजोबांकडे पोर्तुगीजातली एक एस्क्रितुरा होती, शिक्क्यांची, सुंदर वळणदार अक्षराची. ती त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवली होती. तीत काय लिहिले आहे हे त्यांना मरेपर्यंत ठाऊक नव्हते. भाटकाराने सांगितले तेच त्यात आहे, असा विश्वास. पुढे कूळ-मुंडकार कायदे आले म्हणून आम्ही घरात राहिलो. ज्याला स्वतःचा कागद वाचता येत नाही तो आपद्ग्रस्तच असतो, पण त्याच्या आपत्तीला तारीख नसते, म्हणून त्याच्यासाठी परिपत्रक निघत नाही.

आदिलाबादच्या आपत्तीला एक तारीख आहे खरी. २० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर सभा ठरलेली, परवानगी ऐनवेळी नाकारलेली, आणि डोंगरांतून पायी निघालेल्या गोंडांना ते कळवणार कोण? पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. नागरी हक्कवाल्यांनी याच्या कितीतरी पट सांगितला. तिथे लाल स्तंभ आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पायरीवर एक बाई बोरे विकत बसली होती. आम्ही बोरे घेतली. आणखी काय करणार?

हाइमेनडॉर्फ म्हातारपणी परत आला होता. सत्तरच्या दशकात हिंडून त्याने १९८२ साली पुन्हा पुस्तक लिहिले. ज्या जमिनींचे पट्टे चाळीसच्या दशकात दिले गेले होते त्या हातोहात कशा गेल्या, कायदा असताना कशा गेल्या, हे तो गावांची नावे घेऊन सांगतो. अनुसूचित भागातली जमीन बिगर-आदिवासींना देता येणार नाही असा १९५९ चा नियम होता, १९७० मध्ये तो आणखी कडक केला गेला, तरीही. मी ते पुस्तक इंटरनेटवर रात्री जागून वाचले. इंग्रजी माझे बी. ए. च्या मानाने बेताचेच, पण ते वाचताना अडखळलो तो इंग्रजीमुळे नाही. जमीन घेणारे कोण? त्यात तेलुगू व्यापारी होते, बंजारे होते, आणि चांगल्या काळ्या जमिनीच्या, कापसाच्या ओढीने मराठवाड्याकडून आणि विदर्भाकडून आलेले आपले मराठी शेतकरीही होते.

इथे माझे एक मत मांडतो, पटले नाही तर सोडून द्या. आपण मराठी वाचक आदिवासींबद्दल पुष्कळ वाचतो. 'प्रकाशवाटा' माझ्याकडे आहे, दोनदा वाचले आहे, डोळे पुसले आहेत, आणि त्यानंतर हेमलकशाला चेकही पाठवला आहे. त्या कामाबद्दल आदर आहेच. पण पुस्तक मिटल्यावर मला आमटे कळले होते. माडिया कळला होता का? माडियाच्या घरातल्या एका तरी नात्याचे नाव मला सांगता आले असते का? आपण सेवकाची चरित्रे वाचतो. ज्याची सेवा झाली तो त्यात आजारी म्हणून येतो, बरा होतो आणि जंगलात परत जातो. गडचिरोलीला बंग दांपत्याने दवाखाना काढला तेव्हा लोकांनाच विचारले की तुम्हाला कसा हवा. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्या घरांसारख्या झोपड्या बांधा. तशा बांधल्या, आणि नाव पडले माँ दंतेश्वरी दवाखाना, त्यांच्या देवीचे. माझ्या मावशीला कोणी असे विचारले असते तर तिने कौले सांगितली असती. एका वाक्याचे काम होते.

कोणी म्हणेल, घर पडले असताना वाचत काय बसायचे? बरोबर. किल्लारीच्या पहिल्या आठ दिवसांत कोणी मराठवाड्याचा इतिहास वाचत बसला असता तर त्याला जोड्याने मारले पाहिजे होते. तेव्हा पैसे द्यावेत, लगेच द्यावेत, आणि कपडे तर अजिबात देऊ नयेत. पण आठ दिवसांनंतर? बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. कित्येक ठिकाणी सरळ रेषेतली, शहरी आखणीची घरे झाली आणि गोठ्याला जागा कुठे, हा प्रश्न मागाहून निघाला. शेतकऱ्याचे घर कसे असते हे कोणीतरी आधी वाचायला, निदान पाहायला हवे होते.

मारलवाईलाही आम्ही गेलो. बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारली, तिला तिथे आणून ठेवले आहे. हाइमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेला, त्याच्या अस्थी २०१२ साली तिच्याशेजारी आल्या. समाधी साधीच आहे. त्याच गावचे कनक राजू, गुसाडी नाचाचे गुरू, त्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली होती. २०२४ मध्ये तेही गेले. गावात आम्हाला एका म्हाताऱ्याने चहा दिला. त्याच्या मराठीत तेलुगू मिसळलेले होते. मी त्याला विचारले, तुम्हाला आमच्याकडून काही पाठवावे का, पुस्तके वगैरे? तो हसला. म्हणाला, "तुमी कुटले?" मी म्हटले गोवा. त्याला गोवा ठाऊक नव्हते. मग समुद्र कसा असतो, तुमच्याकडे शेती काय, देव कोणता, मुलीच्या लग्नात कोण कोणाला काय देते, असे तो अर्धा तास विचारत राहिला. पुस्तकांचा विषय परत निघालाच नाही.

परत किनवटला आल्यावर जेवणानंतर गप्पा निघाल्या. मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गोंडांचं एवढं वाचता, पण आमच्या आजोबांनी त्यांना जगवलंय. दुष्काळात ज्वारी वाटली. उटनूरच्या बाजूला आमची जमीन होती ना, तिथली माणसं आजोबांना देव मानायची." ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलोय. सासुरवाडीत ती अभिमानाने सांगतात, आणि मीही ती गोव्यात दोन-चार जणांना सांगितली आहे.

मी सहज विचारले, त्या जमिनीचे कागद आहेत का? मामांनी पत्र्याची पेटी काढली. वर लग्नपत्रिका, पोथ्या, खाली पिवळे पडलेले तीन-चार कागद, उर्दूतले. घरात कोणालाच वाचता येईना. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांना बोलावले. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी धरला आणि हळूहळू वाचू लागले. साल फसली १३४६, म्हणजे इसवी १९३६-३७. गावाचे नाव. चतुःसीमा, पूर्वेला ओढा, पश्चिमेला मोहाची झाडे. मोबदला, चार पल्ले ज्वारी, मिळाली, तक्रार नाही. खाली लिहून देणाऱ्याचे नाव आणि त्यापुढे अंगठा.

मास्तरांनी मोबदल्याची ओळ पुन्हा एकदा वाचली. मामांनी ऐकली. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. आतून मामींनी पाने वाढल्याचे सांगितले. मामांनी कागद जुन्याच घड्यांवर घडी घालून पेटीत ठेवला, मास्तरांना जेवून जायचा आग्रह केला, आणि जेवताना ज्वारीची भाकरी वाढताना त्यांनी फक्त मला विचारले, "त्याचं नाव काय म्हणाले हो मास्तर?"

मी ते मागेच वहीत लिहून घेतले होते. सांगितले.